‘कभी भरेगा ही नहीं’ म्हणणाऱ्याला सेप्टिक टँकचं काम देऊ नका

आत्याने बायपासच्या पलीकडे घर बांधलं तेव्हा तिथे ना ड्रेनेजची लाईन होती, ना नर्मदेचं पाणी. पाण्यासाठी बोअर खणली आणि घराच्या मागे ‘सेफ्टी टँक’. आमच्या इंदूरला बरीच माणसं सेप्टिकला सेफ्टीच म्हणतात. ठेकेदाराने दहा मिनिटांत भाव सांगितला. दहा बाय दहा बाय दहा फुटांचा खड्डा, चारी बाजूंना मधे फटी ठेवलेली जाळीची वीटबांधणी, तळ मोकळा, वर स्लॅब. जाता जाता खात्रीही दिली, ‘कभी भरेगा ही नहीं, माताजी.’ आत्याला बरं वाटलं. एकदाच काय तो खर्च, मग जन्मभर बघायला नको.

खड्डा खरंच भरला नाही. पाचव्या पावसाळ्यात मात्र बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, पाईप गंजला असेल. मग दोन्ही नातवंडांना जुलाब लागले, औषधाने थांबले, पंधरा दिवसांनी पुन्हा लागले. पाणी तपासायला दिलं तेव्हा त्यात ई-कोलाय निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, 100 मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही सापडता कामा नये. तो माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. पाण्यात तो दिसला, याचा अर्थ मैला पाण्यापर्यंत पोहोचलाय. खड्डा आणि बोअर यांच्यामध्ये अंतर होतं पंचवीस फूट.

मी इंदूरच्या जीएसआयटीएस कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि पुढची सगळी वर्षं बांधकामातच काढली. त्या वेळी मी भोपाळला होते. खड्ड्यासारख्या कामासाठी मला फोन करावा असं घरात कुणाला वाटलंच नाही, आणि मीही आपणहून विचारलं नाही. त्याची खंत आजही आहे. टाईल्स निवडायला आपण चार दुकानं फिरतो. सेप्टिक टँकचं काम मात्र प्लिंथ बांधणाऱ्या मिस्त्रीलाच ‘तेही उरकून टाका’ म्हणून देतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 ते 2023 सलग सात वेळा पहिलं आलं आणि 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं शहर, ठरलं. याचा अभिमान मला आहेच. पण शहर बाहेर पसरतं आहे. राऊ, खंडवा रोड, बायपासच्या पलीकडच्या नव्या कॉलन्या अशा अनेक ठिकाणी लाईन पोहोचायच्या आधी घरं उभी राहतात. लाईन येईपर्यंत आपल्या मैल्याची जबाबदारी आपली असते.

टँकच्या आत काय चालतं

गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलं की गाळ खाली बसतो, काडी-कचरा वर तरंगतो आणि मधे त्यातल्या त्यात निवळ पाणी राहतं. सेप्टिक टँकमध्ये हेच होतं. जड मैला तळाला बसतो, तेलकट आणि हलका भाग वर सायीसारखा धरतो आणि मधलं करडं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जंतू काम करतात आणि त्याचं प्रमाण हळूहळू कमी करतात. हे सगळं होण्यासाठी पाणी आत साधारण एक ते दोन दिवस शांत राहायला हवं. म्हणून आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप ‘टी’, म्हणजे इंग्रजी टीच्या आकाराचा जोड, लावून खाली वळवलेला असतो. येणाऱ्या पाण्याने गाळ ढवळला जाऊ नये आणि वरची साय बाहेर वाहून जाऊ नये, एवढ्याचसाठी तो टी असतो. मी पाहिलेल्या बिघडलेल्या टँकांपैकी कितीतरी ठिकाणी टी लावलेलाच नव्हता, सरळ पाईप घुसवलेला होता. तेवढ्याने टँकचं पाणी जमिनीत जिरवणारा पुढचा शोषखड्डा दोन-तीन वर्षांत चोंदतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. दिसायला बरं दिसलं तरी त्यात रोगजंतू असतात. टँक हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं काम जमीन करते. ते पाणी माती-वाळूतून सावकाश झिरपतं आणि गाळलं जातं. म्हणजे टँकला तळ हवा आणि भिंती पाणी धरणाऱ्या हव्यात. झिरपू द्यायचं ते टँकच्या पुढे, वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा चरात.

आत्याकडे टँक नव्हताच. होता तो बिनतळाचा खड्डा. न निवळलेला मैला थेट जमिनीत जात होता, म्हणून तो भरत नव्हता. वर्षानुवर्षं न भरणारा टँक गळका असतो. ठेकेदाराने जी खुबी म्हणून सांगितली होती, ती मुळात खोट होती.

माळव्याची माती

‘मालव माटी गहन गंभीर, पग-पग रोटी, डग-डग नीर’ ही म्हण इथे प्रत्येकाने ऐकलेली असते. गहू-सोयाबीनला सोन्यासारखी असणारी ही काळी माती सेप्टिकच्या पाण्यासाठी मात्र फार अवघड आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुलैत तीच माती मेण लावल्यासारखी बंद होते आणि पाणी घेतच नाही. पुण्या-मुंबईचा कुणी तरी नकाशा पाठवतो, त्यावरून इथे शोषखड्डा केला तर पहिल्या पावसाळ्यात संडास तुंबतो.

मग ठेकेदार काय करतो? खोल जातो. काळी माती संपली की मुरूम लागतो आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण, आपला बेसाल्ट. तिथे पाणी झपाट्याने जातं आणि सगळे खूश होतात. पण खडकाच्या भेगेत गाळायला काहीच नसतं. ज्या भेगेतून घाण पाणी खाली जातं, तीच भेग कुठे तरी बोअरला भेटते. तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या. माती पाणी घेत नाही ही एक अडचण आणि खडक फार लवकर घेतो ही दुसरी. माळव्यात काम करणाऱ्याला या दोन्हींच्या मधून वाट काढता यायला हवी. ज्ञान म्हणतात ते हेच, आणि कंपनी पारखताना मी आधी हेच पाहते.

याची चाचणी साधी आहे. जिथे पाणी जिरवायचं तिथे, त्याच खोलीपर्यंत, वीतभर रुंदीचा खड्डा खणतात. कडा खरवडून मोकळ्या करतात, कारण फावड्याने त्या लिंपल्यासारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. तळाला दोन बोटं बारीक खडी टाकतात, पाणी भरतात आणि रात्रभर माती भिजू देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायचं, पट्टी उभी धरायची आणि घड्याळ लावून बसायचं. पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली, एवढंच बघायचं. सेप्टिक टँकचं भारतीय मानक आहे आयएस 2470. त्याप्रमाणे 30 मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, 30 ते 60 मिनिटं लागली तर उथळ चर घ्यावेत, आणि 60 च्या वर गेलं तर जमिनीत जिरवण्याचा नाद सोडून खडीचा फिल्टर बांधावा. असा फिल्टर टँकच्या पुढे जोडतात. पाणी खालून वर चढतं, खडीवर वाढलेले जंतू उरलेली घाण खातात आणि मग ते पाणी कर्दळीच्या वाफ्याला किंवा बागेतल्या झाडांना देता येतं. पालेभाजीला मात्र देऊ नये.

आत्याच्या मागच्या अंगणात मी ही चाचणी पुढे स्वतः केली. सकाळी सात वाजता पट्टी लावली. चहा झाला, पोहे झाले, आत्याने दोनदा येऊन विचारलं, ‘उतरलं का गं?’ साडेआठपर्यंत पाणी 20 मिलिमीटरसुद्धा उतरलं नव्हतं. त्या दीड तासाने जे सांगितलं, ते कळायला त्या घराला पाच वर्षं आणि दोन मुलांची आजारपणं लागली होती.

भाव सांगायच्या आधी काय विचारतो, ते ऐका

जाणकार माणूस आधी प्रश्न विचारतो आणि मग भाव सांगतो. घरात किती माणसं राहतात? पुढे वरचा मजला चढवणार आहात का? बोअर कुठे आहे, शेजारच्यांची कुठे आहे? पावसाळ्यात प्लॉटवर पाणी साचतं का, जवळपासच्या विहिरीचं पाणी किती वर येतं? टँकमध्ये फक्त संडासाचं पाणी सोडणार की न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचंही? मैला उपसणारी सक्शनची गाडी मागे पोहोचेल का? यातलं काहीही न विचारता जो फुटाच्या हिशेबाने खड्ड्याचा भाव सांगतो, तो खड्डा विकतो आहे.

शेवटून दुसरा प्रश्न मुद्दाम लक्षात ठेवा. मानकात जे आकार दिलेत, ते फक्त संडासाचं पाणी धरून आहेत. 5 माणसांसाठी 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद आणि पाण्याची खोली सुमारे 1 मीटर. 10 माणसांसाठी, दर दोन वर्षांनी उपसणार असाल तर, 2 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद आणि 1.4 मीटर खोल पाणी. त्यावर किमान 30 सेंटीमीटर मोकळी जागा. अंघोळीचं आणि धुण्याचं पाणीही त्यातच सोडलं तर हे आकार अपुरे पडतात. पाणी आत थांबत नाही, मैला निवळायच्या आधीच पुढे ढकलला जातो. शक्य असेल तर ते पाणी वेगळं काढा. नसेल तर टँक त्या हिशेबाने मोठा करून घ्या आणि हा हिशेब कागदावर मागा.

आकडे मांडले की आणखी एक गोष्ट दिसते. 10 माणसांचा तो टँक साधारण 2,500 लिटरचा होतो. आत्याचा दहा बाय दहा बाय दहाचा खड्डा 28,000 लिटरच्या वर जातो. अकरा पट आकार, पाच पट जागा, आणि त्याचे पैसे आपणच दिलेले. ‘मोठा केला म्हणजे चांगला झाला’ ही समजूत ठेकेदाराच्या फायद्याची आहे.

बोअर किंवा विहिरीपासून अंतर मानकात किमान 18 मीटर आहे, म्हणजे जवळजवळ साठ फूट. भेगाळ खडकात मी याहून जास्त धरेन. वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर एवढं अंतर मिळतच नाही, हे मला ठाऊक आहे. अशा ठिकाणी प्रामाणिक कंपनी तुम्हाला स्पष्ट सांगेल की इथे शोषखड्डा नको, बंद टँक आणि फिल्टर करा, आणि बोअरचं पाणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तपासून घ्या. काम हातचं जाईल म्हणून जो हे सांगत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

बांधकामात तीन गोष्टी मी उभं राहून पाहते. काळ्या मातीत टँकच्या भोवती तीच माती परत भरू नये, मुरूम भरावा. फुगणारी माती भिंतीला ढकलते आणि भिंत तडकते. दुसरं, टँक 2,000 लिटरच्या वर असेल तर आत आडभिंत हवी आणि पहिला कप्पा दोन तृतीयांश. तिसरं, चालू करायच्या आधी टँक पाण्याने काठोकाठ भरायचा, भिंतीवर खडूने खूण करायची आणि एक रात्र ठेवायचा. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर गळती शोधा. शेवटचा हप्ता या परीक्षेनंतर द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा. परीक्षेला नाही म्हणणारा ठेकेदार मी कामावर ठेवत नाही.

प्लॅस्टिकचे तयार टँक आता सगळीकडे मिळतात. गळत नाहीत, लवकर बसतात, चांगले आहेत. पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामा टँक होडीसारखा उचलला जातो आणि पाईप तुटतात. बसवणाऱ्याने त्याला काँक्रीटच्या बैठकीला बांधलं पाहिजे, आणि उपसल्यावर लगेच त्यात पाणी भरलं पाहिजे.

काम झाल्यावरची माणसं

बसवणं एकदाच होतं, सांभाळणं पंचवीस-तीस वर्षांचं असतं. दर दोन ते तीन वर्षांनी टँक उपसायला हवा. तुंबल्यावर नव्हे, त्याच्या आधी. चांगली कंपनी दरवर्षी मोजायला येते. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळतात, तळापर्यंत सोडतात आणि सावकाश वर काढतात. फडक्यावर जिथपर्यंत काळा गाळ चिकटलेला दिसतो, तेवढा थर. गाळ आणि वरची साय मिळून खोलीच्या एक तृतीयांशाच्या वर गेली की गाडी बोलवायची. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, त्यातल्या जंतूंवरच टँक पुन्हा सुरू होतो. ‘हे पाकीट टाका, उपसावंच लागणार नाही’ असं सांगून जी जंतूंची पुडी विकतात ती घेऊ नका. जंतू मैल्यातच असतात. त्यांना मारू नका एवढंच पुरे. टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड बाटलीच्या बाटली ओतू नका, आणि तळणीचं तेल, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स भांड्यात टाकू नका.

गाडीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे कुठे नेऊन रिकामं करता? सांडपाणी शुद्ध करण्याचं मोठं केंद्र आपल्याकडे कबीटखेडीला आहे. गाडी नगर निगमने ठरवून दिलेल्या जागी रिकामी होते का, त्याची पावती मिळते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जो रात्री येतो, स्वस्त घेतो आणि पावती देत नाही, त्याची गाडी बहुधा नाल्यात किंवा शेतात रिकामी होते. इथला नाला कान्ह नदीला मिळतो आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला. 2028 मध्ये तिथे सिंहस्थ आहे. आपल्या मागच्या अंगणातली घाण कुणाच्या तरी ओंजळीत जाणार असेल तर चार पैसे वाचवून काय मिळवलं?

आणि आता जे सांगायचं, ते सगळ्यात वर ठेवा. टँकमध्ये माणूस उतरता कामा नये. कितीही तुंबलेला असो, कितीही घाई असो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास आपल्याला माहीत असतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळायचाच बंद होतो. वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं वाटतं, आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाकडूनही सेप्टिक टँक साफ करून घ्यायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी घरमालकालाही लागू आहे. ‘मी ठेकेदाराला सांगितलं होतं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. त्या माणसाच्या घरी ती रक्कम पोहोचते तेव्हा तो माणूस नसतो. म्हणून कंपनी ठरवताना मी पहिल्याच भेटीत विचारते, ‘गाळ घट्ट झाला तर काय करता?’ ‘पाण्याचा मारा करून पातळ करतो आणि पाईपने ओढतो’ हे उत्तर बरोबर. ‘लड़का उतर जाएगा’ म्हणाला की चहाही न देता निरोप द्यावा. कुठे कुणी उतरताना दिसलं तर थांबवा, आणि 14420 या नंबरवर फोन करा.

आत्याकडे जुना खड्डा उपसून बुजवला. नवा टँक बोअरपासून घराच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या अंगणात घेतला. त्याला फिल्टर जोडला, आणि त्याचं पाणी आता कर्दळीला जातं. बोअरचं पाणी साफ यायला दोन पावसाळे लागले. तोवर प्यायला टँकर. माती भरायच्या आधी त्या कंपनीच्या पोराने टेप लावून दोन भिंतींपासून प्रत्येक झाकणाचं अंतर मोजलं आणि उघड्या पाईपांचे फोटो काढले. तो कागद आत्याने मीटरच्या पेटीत आतून चिकटवलाय: झाकण कुठे, पाईप कुठे, मागच्या वेळी कधी उपसलं. खाली तिच्या अक्षरात पुढची तारीख आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय, ‘पावसाच्या आधी’.